हवाबीचं खोपटं

मार्गशीर्षातलं धुकं खाडीवर उतरलं की पलीकडची तर, माणसांची ने-आण करणारी होडी, दिसत नसे. माडांवरून दहिवर टपटपत असे आणि हवाबी गुडघाभर चिखलात उभी राहून कुजलेली सोडणं वर ओढत असे. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने पुरून ठेवायची, मऊ पडली की दांडक्याने बडवायची, काथ्या सोडवायचा, सुंभ वळायचं. हेच तिचं पोट. त्या कुजक्या पाण्याचा वास अंगाला कायमचा चिकटलेला. शेजारची शेवंती नाकाला पदर लावून म्हणायची, "हवाबी, तू येतंस तां वाऱ्यार आधी कळता गो!"

"मगे चुलीरचे बांगडे झाकून ठेव," हवाबी म्हणायची.

नवरा इद्रीस कौलं नेणाऱ्या गलबतावर खलाशी होता. एका पावसाळ्याच्या तोंडावर गलबत गेलं, ते आलंच नाही. मूलबाळ नव्हतं. खाडीकाठच्या भाटात माडाच्या विणलेल्या चुडतांनी शाकारलेलं खोपटं तेवढं राहिलं. माडांचं ते भाट मालवणात राहणाऱ्या भाटकाराचं. अठ्ठावन्नच्या सुमारास त्याला ते विकायचं झालं आणि खोपटं आड आलं. त्याने कोर्टात म्हटलं, बाई इथे राहतच नाही; भावाकडे असते, इथे नुसती सोडणं टाकते.

मालवणात हरिश्चंद्र वकील सोमवारी, बाजाराच्या दिवशी, ओटीवर बसून गोरगरिबांची कामं बिनफीची करत. कोणाचं रेशन अडलेलं, कोणाची पाण्याची वाट बंद केलेली. हवाबी गेली ती सुंभाचं वेटोळं खांद्यावर घेऊन.

"फी घेणय नाय म्हटलंय मां?" वकील करवादले.

"ही फी खंय? तुमच्या बावीचो दोर बगलंय मी. कळशी बुडतली एक दिवस."

वकील हसले आणि वेटोळं आत ठेवलं. मग म्हणाले, "आयक. राहता घर आसला तर तुका उठवूक येवचा नाय. तू थंय ऱ्हवतंस, इतक्याच कोर्टाक दिसाक व्हया."

कोर्टाने जागा बघायला कमिशनर पाठवायचं ठरवलं. वकिलांना त्या दिवशी सावंतवाडीच्या कोर्टात काम होतं, म्हणून त्यांनी निरोप धाडला: गुरुवारी घरातून हलू नकोस, चूल पेटती ठेव.

आणि त्याच आठवड्यात देवाचा कौल झाला. आमच्या गावात काही वर्षांनी गावपळण होते. ग्रामदेवाने कौल दिला की अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहायला जातो. तीन रात्री गावात दिवा नाही, चूल नाही. हिंदू काय, मुसलमान काय, मागे कोणी राहत नाही.

हवाबीने मडकी उचलली, चटई गुंडाळली, कोंबड्या टोपलीत घातल्या. चुलीतली राख काढून जमीन सारवली. कमिशनरचा गुरुवार ती विसरली नव्हती. पण शेवंतीला म्हणाली, "गाव मोकळो आसा, तो कशाक येतलो? देवाच्या दिसात गावात पाय घालूची छाती आसा कोणाची?" ऐकणाऱ्या सगळ्यांना ते पटलं. मालवणला कळवायला हवं, असं एकालाही सुचलं नाही.

कमिशनर घाटावरचा, गावपळण त्याला ठाऊक नाही. भाटकाराच्या कारकुनाने त्याला होडीतून थेट खोपट्यापाशी उतरवलं. थंड चूल, सारवलेली रिकामी जमीन आणि कोपऱ्यात सोडणं. त्याने पाहिलं तेच कोर्टाला सांगितलं.

"गो, घटकाभर मागे थांबाक काय झाला होता?" वकिलांचा आवाज चढला.

"देवान सगळ्यांक भायर काढल्यान. माज्या एकटीसाठी कौल फिरवतलो?"

"तुजो तरी तो देव?"

"देव तुमचो आसांदेत, वकीलानू. गाव माजो आसा मां?"

वकिलांनी छत्री उचलली. साक्षीदारासाठी त्यांनी वाडीतली दारं पालथी घातली. धोंडू हा देवळातला मानकरी; कौल त्याच्यासमोर झालेला. तो म्हणाला, "देवाची गजाल कोर्टात सांगूची नसता. उद्या देवान जाब विचारल्यान तर?"

"आणि हिच्या डोक्यावरलो आसरो?"

धोंडू गुरं सोडायला वळला. तोही भाटकाराचीच जमीन कसत होता. ते दोघांनाही ठाऊक होतं.

कोर्टात साक्षीला हवाबी एकटीच उभी राहिली.

"सारा गाव बाहेर होता म्हणता," न्यायाधीश म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. "मग त्यातला एक तरी माणूस इथे का नाही?"

हवाबीने मागे वळून बघितलं. बाकावर भाटकाराचा कारकून तेवढा बसला होता.

"कामं असतील, साहेब," ती म्हणाली.

निकाल सांगायला वकील स्वतः तरीने खाडी ओलांडून आले. खोपट्याच्या दारात छत्री टेकून उभे राहिले. "रत्नागिरीक अपील करूया. खर्चाचा मी बगतंय."

"थंय साक्ष कोण देतलो?"

वकिलांनी खाडीकडे तोंड फिरवलं. म्हणाले, "सोडणां काढून होयसर मुदत मागून घेतलंय. पावसापर्यंत."

"ह्या बरा केल्यात." तिने मान हलवली. "मगे जातलंय रहमतुल्लाकडे. भावाच्या पडवीत आसा जागो. भाटकार सांगीच होतो, मी थंय ऱ्हवतंय म्हणान."

ती हसली नाही. वकिलांना वाटत होतं, हिने शिव्या घालाव्यात, भाटकाराला, गावाला, आपल्याला.

"वकीलानू, उन्हातान इल्यात. पेज घेवन जावा."

"नको गो. तर सुटात."

"भरती येयसर सुटना नाय. बसा."

वकील उंबऱ्यावर टेकले. हवाबीने सुपात दोन मुठी तांदूळ घेतले आणि दारातल्या उजेडाकडे तोंड करून खडे वेचायला बसली.