जैबुनबीचं अर्धं घर

घर विकत घ्यायला आलेला माणूस मला तहसिलीच्या फाटकातूनच ओळखू येतो. एका हातात पिशवी, दुसरा हात त्या पिशवीवर, आणि तोंडावर 'आता काय, उरकलंच' असा भाव. सौदा ठरला म्हणजे घर झालं, असं त्याला वाटत असतं. मी देवीलाल, पांढरकवड्याच्या तहसिलीसमोर लिंबाखाली बसून दस्त लिहितो, आणि या भाबडेपणाचा मला आताशा रागच येतो. मुद्रांक, नोंदणी, दलाली, जुन्या मालकाचं थकलेलं वीजबिल, नळपट्टी, फेरफारासाठी मारायच्या चकरा, हे सगळं घराच्या पोटात असतं. बाहेरून दिसतो तो फक्त रंग.

जैबुनबीच्या तोंडावर तो भाव नव्हता. तिने पिशवी टेबलावर आदळली आणि म्हणाली, "देवीलालभाऊ, ह्याच्यात काय काय लपलं हाय ते आधीच सांगून टाका. मागून समजलं तर मी तुमच्याशीच भांडीन."

जैबुनबी पिंजाऱ्याच्या घरची. नवरा गफ्फार यंत्रावर कापूस पिंजायचा आणि ही गाद्या-रजया भरून त्यांना टाके घालायची. हातात कसब होतं, पण या धंद्याला घरमालक मिळत नाही. कापूस पिंजला की त्याची मुस, तंतूंची बारीक धूळ, उडणारच. ती शेजारच्या पापडांवर बसते, वरणात पडते, देवघरात जाते. मग मालक येतो, आधी गोड बोलतो, मग कडू बोलतो, मग सामान बाहेर काढा म्हणतो. लग्न होऊन आली तेव्हापासून गावातल्या कोणकोणत्या गल्लीत आपण राहिलो, हे तिला स्वतःलाही नीट सांगता येत नसे. शेवटच्या मालकाने पाडव्यापर्यंतची मुदत दिली होती. ज्या दारातून कोणी 'निघा' म्हणणार नाही असं एक दार तिला हवं होतं. एवढंच तिचं मागणं होतं आणि त्यासाठी ती कोणाशीही भांडायला तयार होती.

ती कापसाच्या मंदीची वर्षं. दोन हजार पाच गेलं, सहा लागलं, तरी भाव वर येईना. कापूस स्वस्त म्हणजे पिंजाऱ्याची चांदी, असं म्हणणारे शहाणे गावात कमी नव्हते. अरे, पण पोरींची लग्नंच पुढं ढकलली जात होती, तर आंदणाच्या गाद्या कोण भरून घेणार? लोक जुनी गादी आणायचे, तीच पुन्हा पिंजून मागायचे, आणि मजुरी म्हणून घरचा कापूस पुढे करायचे. "ह्याची भाकर करू का?" असं जैबुनबी तोंडावर विचारायची आणि तरी गादी भरून द्यायची. अशा दिवसांत भिशी लावून, गळ्यातलं मोडून, गफ्फारची मोटरसायकल विकून त्या दोघांनी घनश्यामच्या घरासाठी इसार दिला होता.

घनश्याम हा शेतीवाला माणूस. सासऱ्याची शेती बघायला बाभुळगावला गेला तो तिकडचाच झाला. इथलं बापाचं घर बंद पडून होतं. मी कागद पाहिला तर वारस म्हणून दोन नावं, घनश्याम आणि त्याची मोठी बहीण रुखमाबाई. ती मुकुटबनला दिलेली.

"बहिणीची सही लागेल," मी म्हटलं.

घनश्याम हसला. "बहीण हाय मायी. साडीचोळी केली का झालं."

ते खरंही होतं. आमच्याकडे बापाचं घर भावाचं. कायदा काहीही म्हणो, बहीण सही करते, भाऊ साडीचोळी करतो आणि तिचं माहेर शाबूत राहतं. असे कागद मी ढिगाने लिहिलेत. सही करताना एकही बाई खुशीत दिसली नाही, पण नाही म्हणालेलीही एकही पाहिली नाही. मी घनश्यामला म्हटलं, जाऊन ये एकदा. पण त्याला वेळ नव्हता. "तुमीच जा ना कागद घेऊन. साडी बी घ्या एखादी चांगली, मागून हिशेबात धरू," असं त्याने जैबुनबीलाच सांगितलं आणि दलाल पिंटूसोबत चहा प्यायला निघून गेला.

जैबुनबीने हिरवी जरीकाठाची साडी घेतली. काळ्यापिवळ्या जीपमध्ये कोंबून आम्ही दोघं मुकुटबनला पोचलो.

रुखमाबाईंच्या घरात शिरायला जागा नव्हती. भाव येईल या आशेने पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली, आणि माणसं ओसरीवर. त्या वर्षी कितीतरी घरी हीच तऱ्हा होती. रुखमाबाई साठीच्या, काटक. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. जैबुनबीने सवयीने कापसाची चिमूट घेऊन बोटांत ताणून पाहिली आणि लाजून परत ठेवली. दोघी बोलू लागल्या, सुना, गुडघे, विहिरीचं पाणी. मी कागद वाचून दाखवला, रुखमाबाईंनी मान डोलावली. काम झालं असं मी मनात म्हटलं.

मग जैबुनबीने साडी पुढे केली. रुखमाबाईंनी काठावरून हात फिरवला.

"घनश्यामनं धाडली?"

माझ्या जिभेवर 'हो' आलंच होतं. तेवढ्या एका शब्दाने घर पदरात पडणार होतं.

"नाई बाई," जैबुनबी म्हणाली. "मीच घेतली. त्यायनं सांगतलं म्हणून घेतली."

रुखमाबाईंनी साडीची घडी नीट करून ती परत जैबुनबीच्या मांडीवर ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "बाई, तुमच्यावर राग नाई. पण बापाचं घर मी काई साडीपायी सोडून नोती राह्यली, भावापायी सोडून राह्यलती. तो आला असता तर ब्लाउजपीसवर सही देल्ली असती. आता भावच आला नाई, तर सोडू कोनापायी?"

जीपमध्ये मी जैबुनबीवर मनसोक्त चिडलो. एक शब्द खोटा बोलली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं, असं विचारलं. ती मांडीवरच्या साडीची घडी सारखी करत राहिली.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली सगळे जमले. पिंटूच्या डोक्यात सगळ्यावर इलाज तयार असतो. तो खुर्ची ओढून हळूच म्हणाला, "त्याच्यात काय एवढं? साठीची कोनती बी बाई उभी करू. डोक्यावर पदर, अंगठा लावला का झालं. ओळख सांगाले मानसं मायी."

घनश्याम जमिनीकडे पाहत होता, पण नको म्हणाला नाही. मी असला कागद लिहिणार नव्हतो, पण मला विचारतो कोण?

गफ्फार कधी बोलत नसे. तो खालच्या आवाजात म्हणाला, "जैबुन, पाडवा जवळ आला."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिला घर नको होतं असं नाही. डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, ते तिने पदराने पुसलं. "आजवर दुसऱ्याच्या दारात राह्यली," ती म्हणाली, "त्यायच्या मर्जीनं राह्यली. आता आपल्या दारात चोरावानी राहू? तिच्या हातचा चहा पेली मी. मले नाई पायजे असं घर."

"मग सौदा मोडला," पिंटू म्हणाला. "अन् इसार गेला."

"इसार कसा जाते ते मी पाह्यते," ती म्हणाली आणि उठली.

नुसती उठली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ती तशीच जीपमध्ये बसली, एकटी मुकुटबनला गेली, आणि रुखमाबाईंना सांगून आली की तुमच्या नावाने दुसरी बाई उभी करायचं बोलून राह्यले, सांभाळून राहा. आपल्याच पायावर आपल्या हाताने धोंडा. मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला आणि खरं सांगायचं तर मनातून तिला दादही दिली.

त्याच आठवड्यात रुखमाबाई गाठोडं घेऊन आल्या आणि बापाच्या घराच्या ओट्यावर बसल्या. येणारा जाणारा विचारी, त्या सांगत. गल्लीतल्या बायका भाकर-भाजी आणून देत आणि थोडा वेळ बसून जात. त्यातल्या बऱ्याच जणींनी कधीतरी असल्या कागदावर सही केली असणार. घनश्याम बाभुळगावहून आला तोवर ही गोष्ट सगळ्या गावाच्या तोंडी झाली होती, आणि त्याचा राग मस्तकात गेला.

"हिस्सा पायजे ना तुले?" तो ओट्यासमोर उभा राहून ओरडला. "घे. मागचं अर्धं तुह्यं. बघतो दार कुठून काढते ते."

पुढच्या भागाला ओटा, दार आणि रस्ता. मागे दोन खोल्या, अंगण आणि तिन्ही बाजूंनी भिंत. कोणी फुकट घेणार नाही असा वाटा त्याने बहिणीच्या तोंडावर फेकला होता. मी मात्र त्याचा राग थंड व्हायच्या आत वाटणीपत्र लिहून काढलं. रागाच्या भरात का होईना, त्याने सही केली. आणि रुखमाबाईंनी तो वाटा जैबुनबीला विकला.

एका घराऐवजी अर्धं घर, एका दस्ताऐवजी दोन दस्त, दोन्हीला मुद्रांक. इसार तिने गफ्फारला सोबत घेऊन बाभुळगावला घनश्यामच्या अंगणात ठाण मांडून परत मिळवला, त्या चकरा वेगळ्या. पिंटूने काहीच न करता दलाली मागितली. जैबुनबीने त्याला जे ऐकवलं ते मी कागदावर लिहू शकत नाही. पाडव्याला भाड्याच्या घराच्या मालकाने सामान रस्त्यावर काढलं तेव्हा गाद्यांचे गठ्ठे आणि पिंजायचं यंत्र शिडी लावून, भिंतीवरून मागच्या अंगणात उतरवावं लागलं. आठवडाभर माणसंही त्याच शिडीने ये-जा करत होती. गल्लीतली पोरं हसायची. जैबुनबी शिडीवरूनच त्यांना हाणायची धमकी द्यायची.

भिंत फोडायच्या दिवशी मीही गेलो. बाजूला सांडपाण्याची अरुंद बोळ आहे, सरकारी, तिकडे दार काढायचं होतं. रुखमाबाई मुद्दाम मुकुटबनहून आल्या होत्या. गफ्फारने लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, उचलली तोच घनश्याम दोन माणसं घेऊन बोळीत येऊन उभा राहिला.

"हे भिंत माह्या बापानं बांधली हाय," तो म्हणाला. "हिले हात लावाचं काम नाई."

गफ्फारने उचललेली सब्बल तशीच खाली घेतली. मिस्त्री मागे सरकला. कागद माझ्या पिशवीत होता, पण बापाचं नाव निघालं की माणसं गप्प होतात. जैबुनबी पदर खोचून पुढे झाली, तेवढ्यात रुखमाबाईंनी गफ्फारच्या हातातून सब्बल घेतली.

"बापानं बांधली, बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "अन् माती कोनं कालवली? विहिरीवरून पानी कोनं वाह्यलं? मी वाह्यलं घनश्याम, डोक्यावर. तू पाळन्यात होता. मी बांधली, मी फोडते. बाजूले हो."

घनश्याम बाजूला झाला. पहिला घाव रुखमाबाईंचा पडला आणि दुसरा जैबुनबीचा.