समोरच्या घरची सिस्टर

दर गुरुवारी सकाळी सरकारी दवाखान्याची सिस्टर आमचा डोंगर चढून यायची आणि समोरच्या घरात शिरायची. घाटकोपरच्या डोंगरावर आमच्या गल्ल्या अशा आहेत की समोरच्या घरात कोणाला ठसका लागला तरी आपण आपल्या घरात ‘सावकाश’ म्हणावं. त्यामुळे सिस्टरच्या बॅगेची चेन उघडायची तेही मला ऐकू यायचं. मग समोरच्या म्हाताऱ्याचा पाय उचलायचा, खाली ठेवायचा, ‘काका, अजून एकदा’, ‘काका, श्वास घ्या’. एक तास हे चालायचं. नंतर चहा, नंतर हसणं.

माझा नवरा त्या वेळी माझ्या घरात भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा आणि त्याच्या पाठीला खाली, माकडहाडावर, जखम होती.

मला हेवा वाटायचा. या वयात वाटू नये म्हणतात. वाटायचा. रात्री जेवताना वाटायचा, नळावर पाणी भरताना वाटायचा. देवासमोर हात जोडले तरी डोळे मिटल्यावर समोरचं दार दिसायचं.

समोरच्या म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि घरी सोडलं. त्याच्याआधी महिनाभर आमच्या ह्यांना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. त्यांनाही पंधरा दिवस ठेवून घरी सोडलं. चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं. आमच्यापर्यंत रिक्षा येत नाही, पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यासुद्धा एका उंचीच्या नाहीत. हे गिरणीत होते, गिरणी गेल्यावर साकीनाक्याला एका कारखान्यावर वॉचमन होते. उभा जन्म उभं राहून काढलेला माणूस. मुलगा बदलापूरला, रविवारी येतो. बाकी सहा दिवस मी.

तर दोन घरं, दोन आडवे म्हातारे, आणि सिस्टर एकाच घरात. असं कसं झालं ते सांगते. त्यात सरकारची चूक आहे, पण सुरुवात माझी आहे.

दवाखान्यातून एक बाई सर्व्हेला येणार, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची यादी करणार, अशी बातमी आदल्या दिवशी गल्लीत आली. मी सकाळी लवकर उठून ह्यांना पुसून काढलं. दाढी केली. धुतलेली चादर घातली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, मागे दोन उशा लावून भिंतीला टेकवून बसवलं. पावडरसुद्धा लावली. उदबत्ती लावली. आम्ही देवगडकडची माणसं. आमच्याकडे पाहुण्यापुढे दुखणं मांडत नाहीत. आणि मला आणखी एक वाटत होतं. ही सरकारी बाई, घाण बघितली तर लिहील की बायको नवऱ्याला नीट बघत नाही.

बाई आली. तरुण होती, घामाघूम. मी तिला पाणी दिलं, चहा दिला, तांदळाच्या पिठाची तळलेली दोन बोरं दिली.

“काका, कसे आहात?” तिने विचारलं.

ह्यांच्या तोंडात लकव्यानंतर दोनच शब्द शिल्लक राहिले होते. जन्मभर जो भेटेल त्याला जे सांगितलं तेच. “बरो आसय.”

“चालतात का?”

दारात शेजारच्या तिघी-चौघी उभ्या होत्या. मी म्हटलं, “चालतात थोडे थोडे. धरून.”

“जेवण, संडास?”

“सगळं व्यवस्थित.”

तिने लिहिलं. मी खाली सही केली. चौथी पास आहे मी, अंगठा लावत नाही. सही करताना मला जरा बरंच वाटलं.

मग ती समोर गेली. समोरची घाटावरची, साताऱ्याकडची, माझ्याच वयाची, तोंडाने फाटकी. तिने अंथरूण आवरलं नव्हतं, नवऱ्याची लुंगी बदलली नव्हती. दारातूनच ओरडली, “या बाई, पण नाकाला पदर लावा. सकाळपासून दोनदा केलंय यानं.” वरून मोठ्याने रडली. म्हातारा तिच्या रडण्याने घाबरून कण्हायला लागला. मी माझ्या दारात उभी राहून मनात म्हटलं, काय हे, लाज नाही बाईला.

पुढच्या गुरुवारी सिस्टर आली ती तिच्याकडे.

ह्यांच्या पाठीला आधी नुसता लाल डाग होता. मी खोबरेल तेल लावलं. मग कातडी गेली. मग जखम पुरीएवढी झाली आणि तिला वास यायला लागला. मी दवाखान्यात गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, पेशंटला घेऊन या. मी म्हटलं, पेशंट उतरू शकत नाही, तुमची सिस्टर समोरच येते, तिला पाठवा. त्याने रजिस्टर काढलं, बोट फिरवलं.

“आजी, तुमचे मिस्टर चालतात.”

“कोण म्हणतं?”

“तुम्हीच. ही काय तुमची सही. छान अक्षर आहे.”

“मग आता लिहा की चालत नाहीत.”

“यादी वर गेली. आता पुढच्या सर्व्हेला.”

“पुढचा सर्व्हे कधी?”

“वरून ऑर्डर आली की.”

मी घरी आले. समोरचा म्हातारा एव्हाना ओट्यावर बसून पत्ते खेळत होता. पाय लांब करून, विडी ओढत. मला बघून म्हणाला, “वहिनी, भाऊंना बाहेर आणा की. हवा चांगली सुटलीय.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तरी मी समोरचीला म्हटलं, सिस्टर आली की दोन मिनिटं इकडे पाठव. तिने पाठवली, खोटं का बोलू. सिस्टर दारात उभी राहिली, चप्पल न काढता. म्हणाली, “आजी, यादीत नाव नसलं तर मी हात लावू शकत नाही, मला विचारतात. दर दोन तासांनी कूस बदला, जागा कोरडी ठेवा.” आणि गेली. त्या दिवशी समोरचीने सिस्टरने मागे ठेवलेलं गॉजचं अर्धं पाकीट मला आणून दिलं. मी घेतलं. वापरलं. आणि तिचा जास्तच राग आला.

महिन्यातून एकदा वॉर्डाच्या ऑफिसात साहेब लोकांच्या तक्रारी ऐकतात. मी मुलाच्या जुन्या वहीतलं पान घेऊन अर्ज लिहिला. स्वतः लिहिला, कोणाला विचारलं नाही. त्यात दोन ओळी माझ्या नवऱ्याच्या होत्या. उरलेलं अख्खं पान समोरच्या म्हाताऱ्याचं होतं. तो ओट्यावर बसतो, पत्ते खेळतो, विडी ओढतो, सरकारी सिस्टरकडून पाय चेपून घेतो, त्याला ही सेवा कशी मिळते याची चौकशी व्हावी.

सरकार हलत नाही म्हणतात. हललं की. आठ दिवसांत एक माणूस वर आला, समोरच्या ओट्यावर म्हाताऱ्याला पत्त्यांसकट बघितलं, फोटो काढला आणि नाव कापलं. गुरुवारी सिस्टर आलीच नाही. माझ्या दोन ओळींबद्दल मात्र कोणी काही विचारलं नाही. तो माणूस माझ्या दारावरून गेला, आत बघितलंसुद्धा नाही.

पहिले दोन गुरुवार मला बरं वाटलं. गल्ली गप्प होती. हेही सांगायला हवं.

तिसऱ्या गुरुवारी समोरची माझ्या दारात येऊन उभी राहिली. म्हाताऱ्याचा पाय पुन्हा आखडला होता. ओट्यापर्यंत यायचं बंद झालं होतं.

“तू दिलीस ना तक्रार?”

मी भांडी घासत होते. “कोण म्हणतं?”

“तो चौकशीवाला म्हणाला, समोरूनच अर्ज आलाय, अक्षर सुंदर आहे. या गल्लीत सुंदर अक्षर कोणाचं आहे गं? माझं?”

“दिली. मग? तुझा नवरा पत्ते खेळतो आणि माझा कुजतो.”

“अगं भवाने, तो बसून पत्ते खेळायला लागला तो त्या सिस्टरमुळेच ना! ती आली नसती तर तोही कुजला असता.” मग जरा थांबून म्हणाली, “माझं घालवलंस ते घालवलंस. तुझं तरी मिळवलंस का?”

मी भांडी घासत राहिले.

ती तशीच आत आली, मला न विचारता, आणि चादर उचलली. मी म्हटलं, “अगं अगं, परक्या पुरुषाची...” ती ऐकणारी नाही. वाकून जखम बघितली. मग शिवी दिली. मला, सरकारला की देवाला, मी विचारलं नाही.

“मेल्यांनो, तुम्ही कोकणातली माणसं सरणावरनंसुद्धा ‘बरो आसय’ म्हणाल. हे लपवून ठेवलंस?” तिने मोबाइल काढला. “पाठीचा फोटो काढते.”

“नाही हां. चार लोकांना दाखवायला?”

“चाळीस लोकांना दाखवीन. धर चादर.”

मी धरली.

पुढच्या तक्रारीच्या दिवशी दोघी गेलो. बसमध्ये एक शब्द बोललो नाही. ऑफिसात तीस-चाळीस माणसं. कोणाचं गटार, कोणाचा उंदीर, कोणाचा जन्माचा दाखला. आमचा नंबर आला तेव्हा मला वाटलं हीच बोलेल, तोंड तिचंच मोठं. ती मागे सरकली. म्हणाली, “तू सही केलीस, तू बोल.”

एवढ्या माणसांपुढे मी म्हटलं, “साहेब, माझा नवरा चालत नाही. अंथरुणातच सगळं करतो. पाठीला जखम आहे, तिला किडे पडायचे बाकी आहेत. सर्व्हेच्या दिवशी मी खोटं सांगितलं.”

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “खोटी माहिती तुम्हीच दिलीत, मग आमची जबाबदारी कशी?”

“मी खोटं सांगितलं, बरोबर आहे. पण तुमची बाई डोंगर चढून कशाला आली होती? बोरं खायला? चादर उचलून बघायचं होतं. माझ्याच तोंडावर विश्वास ठेवायचा तर फोनवर विचारायचं, तिचे पाय तरी वाचले असते.”

मागे कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत.

“हिच्या नवऱ्याचं नाव कापायला तुम्ही माणूस पाठवला. आठ दिवसांत. डोळ्यांनी बघितलं, फोटो काढला. माझ्या नवऱ्याचं नाव घालायला तोच माणूस पाठवा. तोच डोंगर आहे, तीच गल्ली. दार तीन फूट इकडे.”

समोरचीने मोबाइल साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी फोटो बघितला आणि फोन पालथा घातला. शिपायाला म्हणाले, अर्ज घ्या. मी म्हटलं, नुसता घेऊ नका, माझ्या कॉपीवर शिक्का मारा, तारीख घाला, आणि तुमचं नाव लिहून सही करा. मी सही केली ती मला नडली. तुमची तुम्हाला नडू दे.

माणूस आला. मी त्या दिवशी घर झाडलं नाही. ह्यांना शर्ट घातला नाही. हे करताना मला जेवढा त्रास झाला तेवढा त्या ऑफिसातही झाला नव्हता. त्याने विचारलं, कसे आहात, तर हे म्हणालेच, “बरो आसय.” मी म्हटलं, त्यांचं ऐकू नका, चादर उचला.

दोन्ही नावं यादीत आली. माझं नवं आणि समोरचं परत. आम्हाला वाटलं जिंकलो. गुरुवारी सिस्टर आली, आधी माझ्याकडे. जखम बघून म्हणाली, फार उशीर झाला, भरायला महिने लागतील, भरेल की नाही तेही आत्ता सांगत नाही. जखम साफ केली, मेलेली कातडी काढली, पट्टी बांधली. ह्यांनी माझा हात दाबून धरला होता. मग घड्याळ बघून उठली.

“झालं?” मी म्हटलं. “तिकडे तर तासभर बसायचीस.”

“आजी, तेव्हा या गल्लीत एक पेशंट होता. आता दोन. तास एकच दिलाय. अख्ख्या डोंगराला मी एकटी आहे.”

म्हणजे साहेबांनी सिस्टर वाढवली नाही. समोरचीचा तास मधोमध कापला आणि अर्धा मला दिला. न्याय केला. आणि आम्हा दोघींना एकमेकींच्या दारात घड्याळ घेऊन उभं केलं.

अर्ध्या तासात माझी पट्टी होते, पण कूस कशी बदलायची, हात कसा हलवायचा, ते राहून जातं. तिच्या म्हाताऱ्याचा एक पाय होतो, दुसरा राहतो. ती ओरडते, “आटप गं, तुझी तीस मिनिटं झाली!” मी ओरडते, “मागच्या गुरुवारी आधी तुझ्याकडे आली तेव्हा चहा पाजून माझी पाच मिनिटं तूच घालवलीस, मला सांगू नको.” सिस्टर दोघींना हात जोडते. अजूनही तिच्या घरातून हसणं ऐकू आलं की माझ्या पोटात दुखतं. माझ्याकडे सिस्टर हसत नाही. जखमेजवळ कोण हसणार.

तीन-चार महिन्यांपूर्वी आम्ही दोघींनी मिळून एक अर्ज दिला. आमच्या डोंगराला दुसरी सिस्टर पाहिजे. मजकूर तिचा, अक्षर माझं. तिने घातलेल्या शिव्या मी गाळल्या. शिक्का आहे, सही आहे, नाव आहे. उत्तर नाही. दर महिन्याला जाऊन विचारतो. साहेब आता आम्हाला लांबूनच ओळखतात आणि कुठलीतरी फाइल उघडून मान खाली घालतात.

दुसरी सिस्टर येईपर्यंत मात्र मी माझ्या तीस मिनिटांतलं एकही मिनिट तिला देणार नाही. तिनेही मला देऊ नये.