माळावरची जर्मन हाळी

पुण्यात जर्मन हा माझा मुख्य विषय होता आणि वर्गात माझी दातखीळ बसायची. लिहायला सांगा, पानंच्या पानं लिहीन. बोलायची वेळ आली की एक वाक्य धड निघायचं नाही. बाकीच्या मुली फाडफाड बोलायच्या, मी नखं बघत बसायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तोंडी परीक्षा होती. ती गेली तर विषय सोडायचा आणि धाराशिवच्या कॉलेजात नाव घालायचं, असं मी ठरवूनच गावी आले. घरी मात्र सांगितलं नव्हतं.

आमचं गाव भूमकडच्या माळावर. आबांचा, माझ्या वडिलांचा, गुडघा सुजलेला, त्यामुळं शेरडं माझ्या गळ्यात पडली. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं!

आमच्यात एक रीत आहे. शेरडं घरी बोलवायची हाळी ज्याची त्यानं घडवायची. दुसऱ्याची उचलायची नाही. बापाची हाळी मुलगासुद्धा घेत नाही. मी शाळेत गेलेली, मला हाळीच नव्हती.

"आबा, मी काय म्हणू त्यांना?"

"तुला काय सुचंल ते म्हण. पर पोटातनं म्हण."

मला सुचलं ते जर्मन. 'कोम्ट नाख हाउझं', म्हणजे घरी या. शेवटचा स्वर आमच्या 'कुठं', 'इथं'सारखाच तोडायचा, त्यामुळं जिभेला आपला वाटायचा.

ते दिवस आठवले की अजून गुंगीनं डोळे जड होतात. पिवळं पडलेलं कुसळी गवत, उन्हात तरंगणारी धूळ, गळ्यातल्या घंट्यांची किणकिण. मधूनच फटाके बनवणाऱ्या तेरखेड्याच्या बाजूनं फटाक्याचा बार ऐकू यायचा. शेरडं कान टवकारायची आणि पुन्हा चरायला लागायची. मी त्यांना जर्मनमधून सगळं सांगायचे, आमचं घर, आज ढग कसे आहेत, मला कशाची भीती वाटते. ती रवंथ करत ऐकायची. चुकलं तरी कुणी हसायचं नाही. हळूहळू माझा आवाज माळाच्या पार टोकाला पोचायला लागला, आणि हाळी दिली की सगळा कळप उतारावरून खाली यायचा. मी कुठल्या देशात आहे, हेच मला कळेनासं व्हायचं.

सुट्टी संपली. परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वडिलांचा फोन आला.

"आगं, शेरडं माझं ऐकंनात. वर हुबी ऱ्हाऊन नुसती बघत्यात. लई बेजार केलंय. फोन मोठ्या आवाजात लावून धरतो, तू बोल तुझं ते जरमन."

मी होस्टेलच्या व्हरांड्यात होते. आजूबाजूला वर्गातल्या त्याच फाडफाड मुली. क्षणभर वाटलं, फोन ठेवून द्यावा. पण तिकडं अंधारून येत होतं आणि माळावर लांडग्यांची भीती. मी डोळे मिटले आणि पोटातून हाळी दिली. एकदा, मग पुन्हा. फोनमध्ये आधी नुसता वारा होता. मग घंट्या वाजायला लागल्या, जवळ जवळ येत गेल्या.

डोळे उघडले तर सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. कुणीच हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत बाईंनी विचारलं, तुमच्या घराबद्दल सांगा. मी माळाबद्दल सांगत सुटले. चुका झाल्याच, पण थांबले नाही. शेवटी बाईंनीच थांबवलं आणि म्हणाल्या, "इतके दिवस कुठं होता हा आवाज?" मला रडू फुटलं. विषय माझ्याकडंच राहिला होता.

संध्याकाळी मीच घरी फोन केला. "आबा, लावा मोठ्या आवाजात. देते हाळी."

"आज नगं. आली शेरडं."

"कशी?"

वडील जरा घुटमळले. "म्याच दिली तुझी हाळी."

"पण आपल्यात दुसऱ्याची घेत न्हाईत ना?"

"दुसऱ्याची न्हाय घेत. तू काय दुसरी हायस व्हय?" मग हळूच म्हणाले, "पर आर्थ काय गं त्याचा?"

"घरी या."

मग त्यांनी फोनमध्येच हाळी दिली, भसाड्या, लांबलचक आवाजात. शेरडं तर केव्हाच वाडग्यात, आपल्या कुंपणाआड, गेली होती.

मी कॉटवर बसले होते. आपसूक उठून उभी राहिले.