ब्रेकबाईचा पाय

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवण्यात तिची उमर गेली, म्हणून शिकणारे तिला पाठीमागे ब्रेकबाई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. गाडीच्या मागच्या काचेवर नवऱ्याने लाल रंगात लिहून दिलं होतं, 'शिकतोय, सांभाळून घ्या.' नवरा पाट्या रंगवायचा, आणि त्याचं अक्षर गल्लीच्या टोकावरून वाचता यायचं.

त्याच नवऱ्याच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, आणि ब्रेकबाईचा पाय घरातही ब्रेकवर गेला.

तो जिन्याकडे वळला की, "अहो, थांबा." त्याने बादलीला हात लावला की, "ठेवा आधी खाली." तो नुसता खाकरला तरी ही हातातलं टाकून धावत सुटायची. सोफ्यावर त्याच्या शेजारी बसली तरी तिचा पाय फरशी दाबत असायचा. जेवण म्हणजे त्याच्या ताटात उरेल ते, आणि झोप म्हणजे त्याचा श्वास ऐकत पडून राहणं. आरशात बघायची ती फक्त गाडीच्या, मागून कोण येतंय ते. भेटेल तो विचारायचा, "ते कसे आहेत?" ती कशी आहे हे कुणी विचारत नसे, आणि खरं सांगायचं तर तिने विचारू दिलंही नसतं. सेवा करणाऱ्या बाईला लोक देवी करून मोकळे होतात. देवीची कंबर दुखते का, हे कोण विचारणार?

एके दिवशी सकाळी एक शिंपीण गाडी शिकायला आली होती. हात सुईसारखा सरळ चालणारी, शांत बाई. मैदानाभोवतीचा रस्ता रिकामा होता. तरी ब्रेकबाईने करकचून ब्रेक दाबला. गाडी गचका देऊन थांबली. जरा पुढे गेल्यावर पुन्हा तेच, आणि पुन्हा.

"बाई, समोर चिटपाखरूही नाही हो," शिंपीण म्हणाली. "तुम्ही बऱ्या आहात ना?"

"हो, हो. काल अर्धं केळं गेलं पोटात. उलटी नाही झाली."

"केळं तुम्ही खाल्लंत?"

 ब्रेकबाईला आधी हसू फुटलं, मग त्याच हसण्याचं रडं झालं आणि थांबेना. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं ते. शिंपिणीने गाडी थांबवली नाही. मैदानाभोवती सावकाश फेऱ्या घालत राहिली, वळणावर न चुकता सिग्नल देत.

"रडून घ्या निवांत," ती म्हणाली. "मी दुसऱ्या गिअरमध्येच आहे."

रडता रडता ब्रेकबाईच्या तोंडून निघून गेलं, की गुरुवारी तिची बस चालवण्याच्या लायसन्सची परीक्षा आहे आणि ती जाणार नाहीये. लहानपणापासून तिला बस चालवायची हौस. दुसऱ्याच्या हातातली गाडी थांबवण्यात जन्म गेला, एकदा तरी मोठी गाडी स्वतः चालवावी म्हणून तिने वर्षभर सराव केला होता. ही संधी गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि तेवढा दम आता तिच्यात उरला नव्हता.

"हे मला काय सांगताय?" शिंपीण म्हणाली. "घरी सांगा."

घरी सांगितलं तर नवरा भडकला.

"का नाही जाणार?"

"अहो, गुरुवारी केमो आहे तुमची. कोण नेणार तुम्हाला?"

"धाकटा नेईल."

धाकटा म्हणजे तिचा दीर. स्वतःच्या लेकीला शाळेतून आणायला जाऊन एकटाच घरी परत आलेला माणूस. ब्रेकबाईने नुसतं कपाळाला हात लावला.

"अगं, गाठ माझ्या पोटात होती, तुझ्या पायात नाही," तो म्हणाला. "दिवसभर 'थांबा, थांबा' ऐकून मला वाटायला लागलंय की मी थांबलोच आहे. निदान तू तरी पुढे जा की!"

हे तिच्या जिव्हारी लागलं. ज्याला जपतोय असं वाटत होतं, त्यालाच आपण डांबून ठेवलंय, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती रात्रभर धुसफुसली आणि सकाळी परीक्षेच्या तयारीला लागली.

गुरुवारी निघताना दीर म्हणाला, "वहिनी, काळजीच सोडा!" त्यामुळे तिची काळजी दुप्पट झाली.

बस अवाढव्य होती. परीक्षा घेणारे साहेब मागच्या सीटवर, दगडासारखा चेहरा करून बसले. त्यांच्या पायाशी ब्रेक नव्हता. ब्रेक एकच, आणि तो तिचा. वळणं झाली, खांबांमधून रिव्हर्स झाला. मग चढ आला आणि साहेबांनी बस मध्यावर थांबवायला सांगितली. तिचा पाय ब्रेकवर घट्ट बसला तो निघेचना. चढावर ब्रेक सोडल्याशिवाय गाडी वर जात नाही, हे तिने आजवर कितीतरी जणांना ओरडून सांगितलं होतं. आता ती स्वतःवरच ओरडली, "अगं, सोड!" आणि पाय उचलला. बस गुरगुरली, तसूभरही मागे न सरता वर गेली. माथ्यावर पोचल्यावर ब्रेकबाई अशी किंचाळली, की साहेबांची टोपी पडली.

"किंचाळल्याचे मार्क कापायची सोय नाही," टोपी उचलत साहेब म्हणाले. "पास."

ती थेट हॉस्पिटलमध्ये गेली. नवरा दारातल्या बाकावर बसला होता, फिकुटलेला पण ताठ. दीर पाण्याची बाटली विसरला होता, शाल विसरला होता, गाडी कुठे लावली तेही विसरला होता. आणि काहीही बिघडलं नव्हतं.

"कशी आहेस?" नवऱ्याने विचारलं.

"काल रात्री सूप..." सवयीने तिचं तोंड सुरू झालं आणि थांबलं. "मी? अहो, मी बस चालवली! चढावर! मी झकास आहे, एकदम झकास!"

रखवालदाराने वळून पाहिलं. नवरा टाक्यांची जागा धरून हसला. आजार होता तिथेच होता, पुढच्या केमो व्हायच्याच होत्या. पण त्या क्षणी दोघांइतकं श्रीमंत तिथे कुणी नव्हतं.

गाडी एकदाची सापडली. दीर चालवायला बसला, ती दोघं मागे. पहिल्याच सिग्नलला त्याने असा ब्रेक मारला, की सगळे पुढे हेलपाटले. नवऱ्याने सवयीने तिच्या पायाकडे पाहिलं. पाय हलला नव्हता. तोंड उघडं टाकून, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ती गाढ झोपली होती.

"सावकाश रे," तो धाकट्याला हळूच म्हणाला. "मागे ड्रायव्हरबाई झोपल्यात."