अक्कांनी न दिलेलं ओके

"जागा नको सांगू, नाव सांग," अक्का म्हणायच्या आणि बोटाच्या पेराने माझ्या स्क्रीनवर टकटक करायच्या. काचेवर डाग पडायचे. मी कुरकुरलो की पदराने पुसून द्यायच्या आणि पुन्हा तिथेच टकटक.

धाराशिवला कोर्टामागे, झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी लिहायचो, अक्का तपासायच्या. तुम्ही म्हणाल, तपासण्यात काय एवढं? तर अक्का त्यासाठी एक वेगळा प्रोग्राम लिहायच्या. तो माणसासारखा आमचं सॉफ्टवेअर उघडायचा, मेनूची यादी खाली उघडायचा, एकेक दाबून बघायचा. त्याला 'पावती' नावाने शोधता आली तर तो चुकत नाही. 'वरून तिसरं दाब' असं सांगितलं, तर वर कोणी एक घुसवलं की बोंबला.

आमचे मेनू मात्र मालकांनी हौसेने रंगवून घेतलेले. अक्कांच्या प्रोग्रामला ते नुसतं चित्र दिसायचं, नावं दिसायचीच नाहीत. म्हणून नाइलाजाने जागा मोजून काम.

"साहेब, हे मेनू बदला," अक्का सांगायच्या.

"अक्का, लई कीस पाडता तुम्ही," मालक हसायचे.

अक्का उमरग्याकडच्या. चिडल्या की कानडीत पुटपुटायच्या. त्यांच्या ओकेशिवाय ऑफिसातून काही बाहेर जात नसे. हट्टी बाई, पण डब्यातली शेंगाचटणी सगळ्यांना वाटायच्या.

हंगाम सुरू व्हायचा तो दिवस. कारखान्यात उसाची पहिली मोळी टाकायची पूजा मांडलेली, बाहेर हलगी वाजत होती. काट्याची वायर तिथल्याच कॉम्प्युटरला जोडलेली, म्हणून शेवटची तपासणी काट्याच्या खोलीतच. खऱ्या नोंदी पूजेनंतर भरायच्या असं ठरलं होतं.

अक्कांनी प्रोग्राम सुरू केला. मेनू उघडला, निळी पट्टी खाली सरकली आणि 'पावती'ऐवजी तिच्या वरच्या 'सर्व नोंदी पुसा'वर थांबली. मालकांनी सकाळीच सगळ्यात वर 'मोळी पूजन' नावाचं नवं कलम टाकलं होतं. कारखान्याच्या अध्यक्षांना खूश करायचं होतं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

"जाऊ द्या, चाचणीच्याच नोंदी आहेत," मी म्हणालो.

काट्यावरचा ऑपरेटर पांढराफटक पडला. "न्हाय ओ. रांगंत भांडणं नकोत म्हणून म्या पहाटंच समद्या गाड्यांचे नंबर ह्यात भरलेत."

स्क्रीनवर प्रश्न आला होता, नक्की पुसायच्या? पावती छापून झाल्यावरही असाच प्रश्न येतो, म्हणून पुढचं 'होय' अक्कांचाच प्रोग्राम दाबणार होता. पावती छापायला वेळ लागतो म्हणून त्यांनी त्याला तिथे जरा थांबायला लावलं होतं, तेवढीच सवड. "तडी, तडी," म्हणजे थांब, थांब, असं पुटपुटत अक्का टेबलाखाली घुसल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरची विजेची वायर उपटली.

मी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. नंबर गेले असते तर रात्रभर थांबलेल्या गाडीवानांनी एकमेकांची डोकी फोडली असती. नोंदी होत्या. अक्का फरशीवरच बसून राहिल्या.

"चला, वाचलो. आता ओके द्या," मालक म्हणाले.

"न्हाय देत. ते पुसायचं पावतीपासून लांब न्या, मेनू सरळ करा, मग देते."

"अहो, हातानं तर नीट चालतंय."

"आज चालतंय."

मालकांनी ओकेशिवाय तेच तसंच चालू केलं. सॉफ्टवेअर उघडताना दिसणाऱ्या पाटीवर 'तपासणी'पुढे अक्कांचं नाव नेहमीसारखं ठेवलं. अक्कांनी ते पाहिलं, डबा पिशवीत घातला आणि गेल्या. सोलापूरला कुठे तरी नोकरी करतात म्हणे.

यंदा पुन्हा त्या खोलीत गेलो. ऑपरेटर खिडकीतून ट्रॅक्टरवाल्याशी बोलत, न बघताच मेनू दाबत होता.

"अरे, बघून दाब."

"बगायचं काय त्यात? अक्कांनी तपासलंय की. पाटीवर नाव हाय त्यांचं."

मला राहवलं नाही. "त्यांनी ओके दिलंच नव्हतं."

त्याने माऊसवरचा हात काढून घेतला. मेनू उघडाच होता. बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता.

"मंग आता हे दाबू का नगो?"

मला अक्का हव्या होत्या तिथे. मी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसलो.