निवडक गाणी, हळू आवाजात

हा तो नाहीच, मी नातीला म्हटलं. तिनं फोन माझ्या कानाजवळून काढून पडद्यावरचं चित्र दाखवलं. चित्र मात्र त्याचंच होतं. कमरेपर्यंत केस, काळं चामड्याचं जाकीट, मनगटाला खिळे ठोकलेला पट्टा आणि डोळ्यांत माझ्यापेक्षा जास्त काजळ. माझ्या लोखंडी पेटीत डांबराच्या गोळ्यांबरोबर जपलेल्या कॅसेटवर हाच उभा आहे. पण फोनमधून ओरडत होता तो कुणीतरी भलताच. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा किंचाळत होता, आणि अशा घाईत, की जणू गाडी सुटतेय. माझा गायक सावकाश, खोल गळ्यानं गायचा. ओळीच्या शेवटाला त्याचा आवाज थरथरायचा, रडू आवरणाऱ्या माणसासारखा.

त्या थरथरीवर माझा जीव जडला होता. हसायचं असेल तर हसा, मीही हसते.

लग्न होऊन सटाण्याहून नाशिक रोडला आले तेव्हा मी विशीतली, आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. आमचे हे नोटांच्या प्रेसमध्ये होते. आमच्या क्वार्टरच्या गल्लीत निम्मे पुरुष रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, म्हणून तिथली एक रीत होती. ज्या घरात माणूस झोपलेला असेल त्या दाराच्या कडीला टॉवेल बांधायचा. टॉवेल दिसला की भाजीवाली हाक न मारता पुढे जायची, पोरं चेंडू घेऊन दुसऱ्या टोकाला पळायची.

त्याच सुमारास ह्यांनी कुणा सहकाऱ्याकडून जुना टेपरेकॉर्डर आणला. आतला रबरी पट्टा तुटलेला होता. दुकानात द्यायचं सोडून ह्यांनी तो घरीच उघडला, सायकलच्या पंक्चर ट्यूबची एक रिंग कात्रीनं कापली आणि चाकांवर ताणून बसवली. ह्यांचं कापणं काय सांगू! प्रेसमध्ये कागदाची कड सुतासारखी आहे की नाही हे बघण्यात रात्र जायची, पण घरात कात्री हातात घेतली की ती वाकडीच चालायची. पुढे लेकीच्या कपाळावरचे केस ह्यांनी एकदा कापले होते. तिचा तो फोटो आम्ही कुणाला दाखवत नाही.

टेप सुरू झाला, पण वाजवायला काही नव्हतं. मी भावगीतं आणा म्हटलं होतं. हे मेन रोडच्या फुटपाथवरून ही कॅसेट घेऊन आले. वरचं इंग्रजी वाचून मला समजावलं, याची निवडक गाणी आहेत, निवडलेलं कधी वाईट असतं का? मी कांद्याच्या घरातली. वडील लासलगावला माल घालायचे. निवडलेला कांदा ढिगाच्या वर असतो, खरा माल हात कोपरापर्यंत आत घातल्यावरच कळतो, हे मला बोलायला लागायच्या आधीपासून माहीत. म्हणून मी कॅसेटच्या दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. ढीग वरपासून खालपर्यंत एकसारखा निघाला.

ऐकायच्या दुपारीच, हे झोपले की. आवाजाचं बटण जेमतेम सरकवायचं आणि दाराआडचं बोलणं चोरून ऐकावं तसा कान टेपच्या जाळीला लावायचा. अख्खं मैदान हादरवायला केलेलं ते गाणं मी कुजबुजीएवढं ऐकलं. इंग्रजीत मी जेमतेम पास. शब्द कळत नव्हते, म्हणून अर्थ मीच भरले. काळे कपडे, वाढलेले केस, वर ती थरथर. याचं कुणीतरी गेलंय, हे मी पहिल्याच दुपारी ठरवून टाकलं. आठवडाभरात त्याची बायको बाळंतपणात गेलेली होती. पुढे मी त्याला एक तान्ही मुलगी दिली. मग ती सांभाळायला कुणीतरी मायाळू, सावळी, स्वयंपाकात हुशार अशी हवी झाली. ती कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल. त्याला भाकरी गरम आवडेल की गार, या विचारात माझी तव्यावरची कोळसा व्हायची.

शेजारच्या काकूंनी एकदा त्यांची भजनांची कॅसेट दिली. आमच्या टेपवर त्यातली बाई घसा बसलेल्या बुवासारखी गायला लागली. दुसऱ्या दिवशी कॅसेट परत करताना मी वर त्यांनाच ऐकवलं, की तुमची कॅसेट उन्हानं ढिली झालीय. टेपचा दोष असता तर आमचा इंग्रज एवढा छान कसा गायला असता? काकूंना ते पटलं. मला तर पटलेलंच होतं. वडील कांद्याची गोणी पोचवायला आले तेव्हा त्यांनीही दोन मिनिटं ऐकून विचारलं, "कशाले रडी ऱ्हायना हाऊ?" आता तर खात्रीच झाली. रडणं त्यांनाही ऐकू आलं होतं.

आणि एका दुपारी मी अशीच कान लावून बसलेली, तर चादरीतून आवाज आला.

"याचं कोण गेलंय गं?"

मी कान जाळीवरून काढला. "बायको," मी म्हटलं.

"मग जरा मोठ्यानं रडू दे त्याला. मी जागाच असतो."

किती दुपारींपासून जागे असायचे, ते मी विचारलं नाही. आवाज मोठा ह्यांनीही केला नाही, मीही नाही. हे भिंतीकडे सरकले, मी टेप उशाशी ठेवला, आणि दुसरी बाजू आम्ही दोघांनी तशीच कुजबुजीएवढी ऐकली. कडीला टॉवेल होताच. कुणी हाक मारली नाही.

मग मुलं झाली, टीव्ही आला, टेप माळ्यावर गेला. क्वार्टर सुटलं. यथावकाश हेही गेले. आता दुपारभर फ्लॅट शांत असतो, आणि झोपमोड होईल असं घरात कुणी नाही. तेव्हापासून मला तो गळा हवासा झाला. म्हणून तर नातीला फोनवर त्याला शोधायला लावलं होतं.

नात हट्टी आहे, माझ्यावर गेलीय. तिनं माळ्यावरून टेप काढला आणि उघडला. ट्यूबच्या रिंगचे वाळून दोन तुकडे झाले होते. ते हातात घेऊन ती आधी पोटभर हसली, मग समजावलं. ट्यूब जाड आणि घट्ट, मोटरला ओढवत नव्हती, म्हणून गाणं संथ आणि गळा खोल. कात्री वाकडी गेलेला भाग चाकावरून जाताना आवाज हलायचा, तीच थरथर.

"म्हणजे तुझा गायक कधी रडलाच नाही, आजी."

ज्याच्यापायी एवढ्या भाकऱ्या जाळल्या, तो गळा आमच्या ह्यांनी घरी, सतरंजीवर बसून कापला होता.

नातीनं फोनवरचं गाणं संथ करून दिलं. आवाज खोल झाला, थरथर नाही आली. मग तिच्या जुन्या सायकलची ट्यूब काढून रिंग मीच कापली. कॅसेट आधी अडखळली, मग चालायला लागली. आवाज सावकाश, खोल, आणि सरळ. ज्याचं कुणीही गेलेलं नाही असा ठणठणीत माणूस. जन्मभर ब्लाउज बेतलेला हात माझा, त्याला वाकडं जाता येईना. मुद्दाम वाकडं कापलं तर गायकाला उचकी लागली. नात म्हणाली, जाऊ दे ना. मी म्हटलं, दुसरी ट्यूब आण.

ती येईपर्यंत जुन्या वर्तमानपत्रांवर सराव चाललाय. हे कात्री कशी धरायचे, अंगठा कुठे टेकायचे, ते आठवत कापत बसते. दुपारीच बसते. मधेच कुणी बेल वाजवू नये म्हणून दाराच्या कडीला टॉवेल बांधते. या इमारतीत त्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही, तरी बांधते.