फोटोपुरती शाल

शाल माझ्या खांद्यावर पडली, फोटो निघाला आणि शाल लगेच उतरवून घेतली. पुढच्याला तीच घालायची होती म्हणे. पुढचा म्हणजे सरपंचाचा मेहुणा. त्याच्या खांद्यावरून मात्र ती कुणी काढली नाही. तो ती पांघरूनच घरी गेला.

चौसाळ्याजवळचं आमचं गाव, सत्कार आबांच्या मळ्यात. आबा म्हणजे जमीन, पक्ष आणि गावातला शेवटचा शब्द. मी बौद्ध वस्तीतला. आधी सामाजिक मानसशास्त्रात एम.ए., मग पुण्यात टेक्नॉलॉजी मार्केटिंग. माणसं घोळक्यात का घाबरतात ते आधी शिकलो. तीच भीती मोबाइलमधून कशी विकतात ते नंतर. सूत्रसंचालकानं त्याचं केलं ‘मोबाइल विकण्यातले डबल ग्रॅज्युएट’. मीही हसलो. विनोदाला दाद देण्यात मी भेदभाव करत नाही.

मग आबांनी आत बोलावलं. खुर्च्या रिकाम्या. मला दाराशी उभं ठेवून ते सावकाश केळं सोलत राहिले.

वस्ती पिढ्यानपिढ्या गायरान कसते. ती जमीन आता सोलरवाल्यांना हवी होती. आबांना ती रिकामी करून हवी, पण पोलीस नकोत, आरडाओरडा नको. वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रोज एक निरोप टाकायचा. गायरान कसणाऱ्याचं रेशन बंद. घरकुल रद्द. खोटंच, पण थोडं थोडं.

“तुपली माणसं कशाला भेत्यात, तुला ठावं हाय. तेवढं लिव्ह.”

मीच कावून, असं मी विचारलं.

“तुझ्यावर इस्वास ठेवतील बे. फोटो गेलाय ग्रुपवर.”

मोबाइल काढला. फोटोत मी, शाल आणि खांद्यावर आबांचा हात. खाली ‘आपला माणूस’. वस्तीनं अभिनंदनाची रांग लावली होती. लिहिता न येणाऱ्या माझ्या चुलतीनंही फुलं पाठवली होती. ओळखीच्या तोंडून आलेल्या भीतीला कुणी उलट विचारत नाही, हे मी वर्गात शिकलो होतो. इथं ते तोंड माझं होतं.

“मी लिहिणार नाही, आबा.”

त्यांनी केळं संपवलं. हात पुसले. आवाज अगदी मायेचा.

“तुपली चुलती एकटीच जाती ना गायरानात?”

तिथून थेट विहारात गेलो. वस्तीला बोलावलं. फोटो कशासाठी काढला, निरोप कसे येतील, पहिली भीती कुणाला घालतील, सगळं सांगितलं. आबांचं नाव घेऊन. बाहेर मोटारसायकली येऊन उभ्या राहिल्या. इंजिन कुणी बंद केलं नाही.

चुलतीनं विचारलं, उद्या पेरायला जायचं का न्हाई?

जायचं. पुढे मी चालणार. आणि माणसांना घाबरवण्याची जेवढी म्हणून विद्या शिकलोय, ती वस्तीवस्तीत, दारोदार, उघडी करत जाणार.